आधी उत्तर, मग कोड

दादा,

चिडूनच सुरुवात करते. रडणं गेले अठरा दिवस चालूच आहे, आणि तू असतास तर म्हणाला असतास, वैशे, तुझं रडणं मला ऐकू येत नाही, तुझं ओरडणं येतं. तर ओरडते. अख्ख्या घराची कुलपं एका माणसाच्या मोबाईल नंबरवर लटकवायची, हे शहाणपण तुला कुणी शिकवलं होतं? आणि तो नंबरही स्वतःचा नाही, कंपनीनं दिलेल्या कार्डाचा. कंपनीचं कार्ड कधी बंद पडत नाही, असं छाती पुढं काढून सांगायचास. कार्ड नाहीच पडलं बंद.

तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते, कारण माझ्या बाजूनं तू ते कधी ऐकूनच घेतलं नाहीस. माझं दुकान डांगे चौकामागच्या गल्लीत, ब्लाउज शिवायचं. गिऱ्हाइकांची मापं, गळ्यांचे नमुने, शिवून झालेल्या कामाचे फोटो, सगळं एका खात्यात. ते खातं सात वर्षांपूर्वी तूच काढून दिलंस. पासवर्ड माझा, पण पासवर्ड टाकला की सहा आकडी कोड जायचा तुझ्या फोनवर. माझ्या फोनवर का नाही, असं मी तेव्हाच विचारलं होतं. तर म्हणालास, तुझा फोन दुकानात कोणीही उचलतं आणि तू वर्षाला नंबर बदलतेस. मी नंबर दोनदाच बदलला होता, पण तुझ्याशी कोण भांडत बसणार. म्हणजे मीच, आणि पुढं भरपूर भांडले.

वर पुन्हा ताकीद. ‘हा कॉम्प्युटर लक्षात ठेवा’ असा जो चौकोन येतो, त्यावर टिक करायची नाही. दुकानातल्या कॉम्प्युटरला चार जणींचे हात लागतात, म्हणून. झालं. रोज दुकान उघडायचं, पासवर्ड टाकायचा, तुला फोन लावायचा. तू चाकणला, मेंटेनन्समध्ये, पत्रे दाबणाऱ्या कुठल्या तरी प्रेस मशीनच्या पोटात शिरलेला. तू बाहेर येणार, ग्रीस पुसणार, चष्मा शोधणार, तोवर तो कोड मेलेला. मग नवीन कोड मागवा. माझ्या फोनमध्ये तुझं नाव मी ‘दादा कोड’ म्हणून टाकलं होतं, ते तुला कधी सांगितलं नाही. राग यायचा म्हणून टाकलं होतं. आता ते नाव बदलायला बोट धजत नाही.

आणि तुझा तो प्रश्न! कोड समोर दिसत असायचा, पण आधी विचारायचास, "तू वैशालीच कशावरून?" मग लहानपणातलं काहीतरी. काळेवाडीच्या खोलीत पत्रा कुठं गळायचा? दुसरीत तुला कुठल्या बाईंनी उठाबशा काढायला लावल्या? बरोबर उत्तर दिलं की कोड. चुकलं तर दुसरा प्रश्न. एकदा नवरीची आई समोर उभी, नवरी घाईत, नमुन्याचा फोटो काही उघडेना, आणि तू विचारतोस, शेजारच्या मावशींच्या बोकडाचं नाव काय. मी भर दुकानात ओरडले, राजा, राजा, बोकडाचं नाव राजा. त्या बाई दोन पावलं मागं सरकल्या. ब्लाउज मात्र माझ्याकडंच शिवला, तो भाग वेगळा.

हे खूळ कंपनीतून आलं, अशी माझी पक्की समजूत होती. तूच सांगायचास ना तुमची पद्धत. मशीनमध्ये शिरायच्या आधी मेन स्विचला प्रत्येकानं आपापलं कुलूप लावायचं, किल्ली आपापल्या खिशात. कुलपाला पाटी, पाटीवर फोटो, नाव, फोन नंबर. पाच जण आत असतील तर पाच कुलपं, आणि ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, मालक जरी आला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही. सगळी कुलपं निघाली तरी लगेच चालू नाही करायचं. आधी एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची. हात वर केलेला चालत नाही, आवाज आला पाहिजे. हे सांगताना तू जेवायचा थांबायचास. तुझी दहाही बोटं शाबूत राहिली ती या पद्धतीमुळं, हे मला मान्य होतं. पण प्रेसमध्ये माणूस चिरडतो. माझ्या खात्यात कोण चिरडणार होतं?

मी म्हणायचे, चोराला काय करायचीत रे बायकांच्या गळ्यांची मापं? तू म्हणायचास, नियम माझा नाही, आता कुठलंच खातं दोन कुलपांशिवाय उघडत नाही, जगाला विचार. मग आवाज खाली आणायचास, "मापांचं सोड. आई आहे त्यात."

ते खरं होतं. आई गेली त्याच्या आदल्या दिवाळीत तू तिला समोर बसवून बोलतं केलं होतंस, चाळीस मिनिटं. बीडकडून ती कशी आली, कंपनीच्या कँटीनला कशी लागली, आपल्याला कसं वाढवलं. ते रेकॉर्डिंग तू माझ्या खात्यात ठेवलंस आणि तुझ्या फोनमधून काढून टाकलंस. कंपनीचं कार्ड असलेल्या फोनमध्ये घरचं काही ठेवायचं नसतं म्हणालास. त्याच कार्डावर घरचे सगळे कोड मात्र चालायचे. हे मी तुला तोंडावर विचारलं तेव्हा तू पाणी प्यायला उठून गेलास. मी ते रेकॉर्डिंग कधी पूर्ण ऐकलं नाही. पहिल्या दोन मिनिटांत आई खोकते, तिथंच मी बंद करायचे. पण ते आहे, एवढं माहीत असलं की पुरायचं.

नंबर बदल, माझ्या खात्यावर माझा नंबर टाक, हे मी तुला किती वेळा सांगितलं असेल? प्रत्येक वेळी तुझं उत्तर एकच, गुरुवारी सुट्टी आहे, येतो, निवांत करू. तळेगावहून थेरगावला यायला तुला सात वर्षांत एक गुरुवार मिळाला नाही असं नाही. यायचास, जेवायचास, माझ्या शिलाई मशीनला तेल घालायचास आणि तेवढं एक काम विसरून जायचास. विसरत नव्हतास तू. मला आता नक्की माहीत आहे, तुला ते करायचंच नव्हतं. नंबर बदलला असता तर मी तुला रोज फोन केला असता का? नसता केला. कुणाची बहीण रोज सकाळी भावाला फोन करते, स्वतःचा संसार असताना? रोज आपण भांडलो, पण रोज बोललो. हे तू मुद्दाम केलंस का, ते विचारायचं राहिलं.

त्या सोमवारी तुझी दुसरी शिफ्ट होती, म्हणून सकाळी तू घरी होतास. मी फोन लावला, गिऱ्हाईक समोर, कॉम्प्युटर धड चालत नव्हता, डोकं आधीच फिरलेलं. तू विचारलंस, "आई कामावर जाताना किल्ली कुणाच्या गळ्यात बांधायची?" मला वाटलं टोमणा मारतोयस, की बघ, तेव्हाही तुला किल्लीची हौस होती. मी म्हणाले, उत्तर देत नाही, कोडही नको, या गुरुवारी नंबर बदलला नाहीस तर तुला फोन म्हणून करणार नाही. आणि ठेवला. मंगळवारी नाही केला. बुधवारी नाही केला. दोन दिवस मापं वहीत लिहून काम भागवलं, आणि खरं सांगते, जिंकल्यासारखं वाटत होतं.

बुधवारी संध्याकाळी तू प्रेसमधून बाहेर आलास, ॲसिडिटी झाली म्हणालास आणि बाकावर बसलास. तिथून तुला दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा संपलं होतं.

ज्या गुरुवारी तू माझ्याकडं यायचा होतास, त्या गुरुवारी मी तुझ्या घरी होते. माणसं जमत होती, वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या. तुझा फोन फळीवर होता, तो वाजला. ‘पाटोळे मेंटेनन्स’. मी उचलला. पलीकडं तुझ्याबरोबर काम करणारे पाटोळेभाऊ. म्हणाले, प्रेसवर मिलिंदभाऊंचं कुलूप तसंच राहिलंय. किल्ली त्यांच्या खिशात गेली. ज्याचं कुलूप आहे त्याला फोन लावून विचारल्याशिवाय तोडता येत नाही, कागदावर तसं लिहावं लागतं, सेफ्टीवाले साहेब आणि मी दोघं इथं उभे आहोत.

"ताई, माफ करा. विचारावंच लागतंय. मिलिंदभाऊ कंपनीत नाहीत ना?"

मी म्हणाले, नाहीत.

"आत कुठंच नाहीत ना?"

"कुठंच नाहीत, भाऊ. तोडा कुलूप."

दादा, त्या एका फोनचा मला त्या वेळी भयंकर संताप आला होता. माणूस घरात निजलाय आणि हे विचारतात कंपनीत आहे का. पण नंतर वाटलं, तुझी आठवण म्हणून कितीतरी जण काहीबाही बोलून गेले, पण तुझ्या शिस्तीला जागला तो पाटोळे. तू त्याच्या जागी असतास तर तूही फोन लावला असतास. रडत लावला असतास, पण लावला असतास.

रविवारी जलदान विधी झाला. भंते येऊन गेले, पंगत उठली, आणि पाटोळेभाऊ मागं थांबले. त्यांनी रुमालात गुंडाळून तुझं कुलूप आणलं होतं. लाल रंगाचं, कडी मधून कापलेली. पाटीवर तुझा तो मिशा कापायच्या आधीचा फोटो, खाली लिहिलेलं, धोका, मी आत काम करतोय, कुलूप काढू नका. वहिनींनी ते हातात घेतलं आणि पदराला पुसलं. मग पाटोळेभाऊ चाचरत म्हणाले, की येत्या शुक्रवारी बूट, ओळखपत्र आणि फोनचं कार्ड कंपनीत जमा करायचंय. ते कार्ड मग दुसऱ्या कुणाला देतात.

माझं खातं उघडायला तो नंबर लागतो. खात्यावरचा नंबर बदलायलासुद्धा आधी त्याच नंबरवर कोड येतो. शुक्रवारी कार्ड गेलं की माझे कोड कुणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजणार, आणि आई त्या दाराआड कायमची. तुमच्या कंपनीत निदान कुलूप तोडायची पद्धत आहे. दोन माणसं, एक फोन, एक कागद, एक कटर. मशीनमधून परत न येणाऱ्या माणसाचाही विचार त्यांनी करून ठेवलाय. तू घरासाठी तो केला नव्हतास. एवढा शिस्तीचा माणूस, आणि स्वतः नसण्याची सोय करायला विसरलास. इथं तू चुकलास, दादा. हे मी तू असतास तरी तोंडावर म्हणाले असते, आणि तू पाणी प्यायला उठून गेला असतास.

गुरुवारीच करायचं ठरवलं. म्हटलं, तुझा शब्द आहे ना गुरुवारचा, मग गुरुवारीच. फोन तळेगावात वहिनींकडं. तुझ्या फोनचा पॅटर्न त्यांना येतो, एवढा एक ढिसाळपणा तू आयुष्यात केलास, त्याबद्दल तुझे आभार. मी दुकानात कॉम्प्युटरसमोर बसले. शटर अर्धं खाली ओढलं. पासवर्ड टाकला. मग तुझा नंबर लावला. पडद्यावर आलं, ‘दादा कोड’, आणि पलीकडं रिंग वाजू लागली. वहिनींनी उचललाच नाही तर काय, असं वाटत होतं. कोड दहा मिनिटांचा, आणि त्या हल्ली बसल्या जागी हरवून जातात.

उचलला. कोड आला का, म्हणून मी विचारलं. आला, म्हणाल्या. मी पेन उघडून बसले. तर म्हणाल्या, "ताई, आधी विचारावं लागतं ना? ते विचारल्याशिवाय देत नव्हते."

विचारा, म्हणाले.

"मला तुमच्या लहानपणचं काही माहीत नाही. सोमवारचा प्रश्न तेवढा माहीत आहे. त्याचं उत्तर राहिलंय."

म्हणजे तू त्यांना सांगितलं होतंस. सोमवारी मी फोन आपटला, तेव्हा तू चहाचा कप घेऊन हसत होतास म्हणे. म्हणालास, चिडली बघ, गुरुवारी जातो आणि तिची किल्ली तिला देऊन टाकतो, आता बास झालं. मी आठ दिवस हे मनात घेऊन फिरत होते, की माझा शेवटचा शब्द भांडणाचा. तू तर हसत होतास, मेल्या. ही शिवी तोंडातून गेली आणि मग कळलं काय बोलले, पण आता खोडत नाही.

मी म्हणाले, "माझ्या. माझ्या गळ्यात बांधायची."

वहिनींनी एकेक आकडा सावकाश वाचला. सहा आकडे, दोनदा.

खातं उघडलं. मापं होती, गळे होते, सगळं जागच्या जागी. आधी नंबर बदलला. पहिला माझा, आणि दुसरा वहिनींचा, त्यांचा स्वतःचा. वहिनींच्या खात्यालाही असंच केलं, त्यांचा आणि माझा. एक नसली तर दुसरी. दोन कुलपं हवीत ना तुला, घे दोन कुलपं, पण किल्ल्या दोघींकडं. हे तू मला करू दिलं असतंस तर सात वर्षांपूर्वीच झालं असतं. शुक्रवारी पाटोळेभाऊ येऊन कार्ड घेऊन गेले.

पण त्याआधी, गुरुवारीच, मी आईचं रेकॉर्डिंग लावलं. खोकल्याशी थांबले नाही या वेळी. आई बोलत होती, तू मध्येमध्ये हं, हं करत होतास. कँटीनचं झालं, चाळीचं झालं. पार शेवटाकडं तू विचारलंस, आई, किल्ली वैशीकडं का द्यायचीस, मोठा तर मी होतो. आई म्हणाली, तू दोन येळा हरवली म्हणून. मग ती हसायला लागली. म्हणाली, "ही एवढीशी बया किल्ली गळ्यात घालून, आतून कडी लावून बसायची. मी सांगून जायची, आवाज ओळखल्याबिगर कडी काढू नको. तर ही काय करायची? तू शाळंतून उन्हात आलेला, अन् ही आतून इचारायची, तू माझा दादाच कशावरून? अन् तू पण येडा, बाहेर हुभा राहून उत्तरं देत बसायचास."

आणि तुझा आवाज आला, "द्यावीच लागायची. नाहीतर उघडत नव्हती."

किल्ली माझ्या गळ्यात असायची एवढंच आठवत होतं, बाकी यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं, दादा. मी पाच-सहा वर्षांची असेन. ज्या प्रश्नावरून मी सात वर्षं तुझ्या नावानं बोटं मोडली, तो माझाच होता. कंपनीचा नव्हता. तू तो इतकी वर्षं जपून ठेवलास, आणि एकदाही म्हणाला नाहीस की वैशे, हे तूच सुरू केलंयस. म्हणाला असतास तर वाद तिथंच मिटला असता. तो तुला मिटवायचा नव्हता, हे आता मला कुणी वेगळं सांगायला नको. मी त्या अर्ध्या उघड्या शटरखाली बसून मनसोक्त रडले, आणि रडताना हसूही येत होतं.

नंबराच्या बाबतीत तू चुकलाच होतास. त्यावर मी ठाम आहे, आणि ते मी कुणापुढंही सांगेन. बाकी तुझं माझ्यावर किती प्रेम होतं, ते मला रोज सकाळी कळत होतं, फक्त त्या वेळी गिऱ्हाईक समोर असायचं.

आता कोड थेट माझ्या फोनवर येतो. तीन सेकंदांत. कुणाचे हात पुसून व्हायची वाट बघायला लागत नाही, कुणी काही विचारत नाही. जे मागत होते ते मिळालं. पण सहा आकडे टाकायच्या आधी, दुकानात कुणी आलेलं नसलं, तर मी एक उत्तर मोठ्यानं देऊन टाकते. काल म्हणाले, राजा. बोकडाचं नाव राजा.